काचेवरचं कुंकवाचं बोट

ये गं गार्गी, जरा जवळ सरक. दारात चप्पल घालून उभं राहिल्यासारखं वाचू नकोस, नीट बैस. आणि आधी बोलणी खा. पुण्याला नोकरी लागून वर्ष होत आलं, तू कंपनीत प्रोग्रॅम लिहितेस म्हणून आम्ही इथे जळगावात गल्लीभर पेढे वाटले, आणि गणपतीत फोन केलास तो काय विचारायला? "आजी, टेबलातल्या एका चौकोनासाठी तुम्हाला आठवडा लागायचा? आमच्याकडे एका ओळीत होतं." वर हसलीस. मीही हसले. फोन ठेवला, गवार मोडायला घेतली, आणि मग राग आला. एका ओळीत होतं म्हणे. ती ओळ कुणीतरी आधी आठवडा घालवून लिहून ठेवलेली असते, म्हणून तुमची एका ओळीत होते.

तेवढ्यात दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला, तुमच्या कामाच्या आठवणी लिहा. म्हटलं हिलाच सांगते, बाकीच्यांनी बाजूला बसून ऐकावं. तुझ्या आईला विचारूनच लिहितेय हो. माधुरी म्हणाली, "मावशी, आमचं दोघांचं हे दुसरं लग्न, एवढं तिला ठाऊक आहे. जुळलं कसं ते तुम्हीच सांगा. मी सांगायला लागले की मला हसू येतं."

तर मी कॉम्प्युटर कुणाकडून शिकले नाही. यांचा टायपिंग क्लास होता. मुलींना मी शिकवायची, आणि माझा हातखंडा होता स्टेटमेंटचा. स्टेटमेंट म्हणजे तक्ता टाइप करणं. कागदाची रुंदी मोजायची, रकाने पाडायचे, प्रत्येक रकान्याची खूण मशीनवर लावायची, आकड्याखाली आकडा आला पाहिजे. एक अक्षर सरकलं की अख्खा कागद बाद. परीक्षेत मुली याच प्रश्नाला रडायच्या, मला मात्र त्यात समाधान वाटायचं. पुढे टाइपरायटर गेले, क्लासमध्ये कॉम्प्युटर आले, आणि पडद्यावर मला पहिल्यांदा तक्ता दिसला तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. इंग्रजी पुस्तकं जुन्या बाजारातून आणली, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. चुकलं की मशीन सांगतं चुकलं, टोमणा मारत नाही. त्या वयाच्या बाईला आणखी काय हवं.

आता तुला माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. पडद्यावरच्या तक्त्यातल्या एकेका चौकोनाला मी घर म्हणते, सारीपाटावर असतात तसं. प्रत्येक घराला दोन माणसं लागतात असं समजा. एक दाखवणारा, एक लिहून घेणारा. दाखवणारा म्हणजे रबरी शिक्का. तक्त्यात हजार घरं असली तरी शिक्का एकच. तो प्रत्येक घरावर जातो, आत काय आहे ते बघतो, तसा उमटतो आणि पुढच्या घरावर जातो. एका घरावर लाल शाई लावली आणि पुसायची विसरली, तर पुढची सगळी घरं लाल. लिहून घेणारा वेगळा. तो एरवी नसतोच. एखाद्या घरावर दोनदा टिचकी मारली की तेवढ्यापुरता येऊन बसतो, लिहायला जागा देतो, एंटर दाबलं की लिहिलेलं घरात ठेवतो आणि निघून जातो. एस्केप दाबलं तर काहीच न ठेवता जातो. एंटर दाबेपर्यंत पडद्यावर काहीही दिसो, घरात जुनंच असतं. हे कळायला मला फार दिवस लागले, पण एकदा कळलं आणि मग मी या कामात रमले ती रमलेच. तयार तक्ता सगळ्यांना मिळतो. त्यातलं घर ज्याच्या त्याच्या सवयीचं करून देणं, हे माझं काम.

आणि सवयी काय एकेकाच्या! फैजपूरचे एक केळीवाले आबा होते. त्यांना कुठल्या बागेची काटणी कधी, याचा तक्ता हवा होता. म्हणाले, तारीख मला वाचायला लावू नका, रंगावरून कळलं पाहिजे. मी मोठ्या हौसेनं केलं. काटणी लांब असेल तर घर हिरवं, जवळ येईल तसं पोपटी, आणि काटणीच्या दिवशी छान पिवळंधमक. आबा आले, पडद्यासमोर बसले, आणि कपाळाला हात लावला. "बाई, केळी झाडावर पिवळी झाली म्हणजे गेली ना. आमच्या धंद्यात हिरवं ते सोनं. हे पिवळं बघून माझ्या छातीत धस्स झालं." जळगावात जन्म गेला माझा, घरी रोज केळी, आणि मला हे सुचू नये. मग उलटं केलं. काटणीला आलेली बाग गर्द हिरवी, आणि तारीख उलटून गेलेली पिवळी. आबा जाताना मुलाला म्हणाले, "आता बघ, हिला बागेत न नेता बाग कळली." पुढे कित्येक वर्षं त्यांच्याकडून लोंगर, म्हणजे केळीचा अख्खा घड, येत राहिला घरी, पिकायला ठेवायला जागा पुरायची नाही.

तर आता तुझ्या आईचं.

माधुरी धरणगावची. लग्न होऊन गेली आणि वर्षही न होता परत आली. का, ते तिनं मला सांगितलं आहे, तुला सांगायचं की नाही ते तिचं ती बघेल. मामाकडे जळगावात राहून माझ्याकडे शिकायला यायची. बोलायची कमी. पण हात असा चालायचा की बाजूच्या मुली थांबून बघायच्या. मी तिला माझ्या कामाला लावून घेतलं. मी प्रोग्रॅम लिहायची, ती त्यात नावनिशी भरायची.

त्याच सुमारास समाजाच्या वधू-वर मंडळाचं काम आलं. मंडळाचे अध्यक्ष नाना. निवृत्त हेडमास्तर, पांढरी टोपी, मृदू बोलणं, पदरचं पेट्रोल जाळून गावोगाव स्थळं जुळवणारा माणूस. त्यांच्याकडे पत्र्याच्या पेटीत कार्डं होती, मुलींची आणि मुलांची. वर्षातून एकदा मंगल कार्यालयात परिचय मेळावा व्हायचा, नाना माइकवरून एकेक कार्ड वाचायचे. लग्न जुळलं की त्या दोन्ही कार्डांवर नाना कुंकवाचं बोट ओढायचे. पेटी उघडली की कुंकवाचा वास यायचा. ही सगळी पेटी कॉम्प्युटरमध्ये घालायची होती.

पेटीत एक रीत होती. जी मुलगी परत आलेली असेल, किंवा जिचा नवरा गेला असेल, तिचं कार्ड गुलाबी कागदाचं. ती कार्डं सर्वांत शेवटी, म्हणजे जेवणानंतर वाचायची. जेवणं झाली की दोंडाईचा-नंदुरबारकडची मंडळी गाडी गाठायला निघालेली असत, यावल-फैजपूरकडची बसला. राहायचं कोण, तर सतरंज्या गोळा करणारे. त्यांच्यासमोर गुलाबी कार्डं वाचली जायची. वाईट हेतूनं नव्हे गं. नानांच्या आधीपासून तसं चाललेलं, म्हणून चालायचं.

नाना आमच्याकडे आले, चहा घेतला आणि म्हणाले, बाई, तक्ता छान झालाय, फक्त गुलाबी ओळी तेवढ्या गुलाबी करा. म्हणजे मुलाकडच्यांची फसवणूक व्हायला नको. आणि त्या सगळ्या शेवटी घ्या.

माधुरी माझ्या शेजारीच कीबोर्डवर होती. तिचं नाव तिनंच आदल्या दिवशी भरलेलं होतं, मामांच्या आग्रहानं. नानांना ते ठाऊक नव्हतं. ती मान खाली घालून टाइप करत राहिली. नाना गेल्यावर मला म्हणाली, "मावशी, माझी ओळ काढून टाकू?"

मी म्हटलं, आज नको.

खरं सांगते, तेव्हा माझ्याकडे काही युक्ती नव्हती. काम म्हणून रंग लावायला बसले. रंग लावायचा तर दाखवणाऱ्याला आधी घरात काहीतरी वाचायला मिळालं पाहिजे. मुलींच्या यादीत 'पूर्वी विवाह' असा रकाना होता, तो वाचून रंग ठरणार. मुलांच्या यादीत पाहिलं तर तो रकानाच नाही. मुलांच्या कार्डावर तो प्रश्न कधी छापलेलाच नव्हता. उंची, शिक्षण, शेती, नोकरी, मामाचं कूळ, सगळं होतं. हे एक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नानांना फोन केला. म्हटलं, नाना, दोन्ही याद्यांना एकच शिक्का आहे, मुलांचंही घर भरल्याशिवाय चालणार नाही. तसं दोन शिक्के मला करता आले असते. पण नानांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते म्हणाले, मुलांचं तसं विचारायची पद्धत नाही हो बाई. मग स्वतःच म्हणाले, पण मशीन मागतंय तर विचारून घ्या.

फोन करायचं काम माधुरीचं. मी म्हटलं नको वाटत असेल तर मी करते. ती म्हणाली, नाही, मीच करते. आणि मग आमच्या खोलीत जी करमणूक सुरू झाली! कुणी म्हणे झालं होतं, पण ते काय धरायचं. कुणी म्हणे साखरपुडाच झाला होता, पण मांडव घातला होता, तो यात येतो का. एका आईनं फोन आपटला आणि अर्ध्या तासानं स्वतः करून सांगितलं की हो, झालं होतं, पण माझ्या पोराची चूक नव्हती हे बाजूला लिहा. माधुरी सगळ्यांना एकच सांगायची, बाजूला जागा नाही काकू. आणि फोन ठेवून हसायची. ती माझ्याकडे यायला लागल्यापासून मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हाच.

दोंडाईच्याला फोन लावला तो तुझ्या सख्ख्या आजीनं उचलला. प्रश्न ऐकून म्हणाली, "बठ्ठं लिखी ले माय, लपाडीसन काय करनं शे." सगळं लिहून घे, लपवून काय करायचंय, असं म्हणत तिनं फोन मुलाच्या हातात दिला. तो मुलगा म्हणजे तुझे बाबा. त्यांनी विचारलं, हे सगळ्यांना विचारता, की माझ्याबद्दल काही ऐकलं म्हणून विचारताय? माधुरी म्हणाली, मुलांना पहिल्यांदाच विचारतोय, मुलींना कायम विचारतात. मग म्हणाले, "मग बरोबर आहे. झालं होतं. लिहा."

तर तुझे बाबा आमच्याकडे आधी असे एक फोन म्हणून आले.

घरं भरली, रंग लागले, नाना बघायला आले. मुलींची यादी दाखवली. मधे मधे गुलाबी. नानांनी मान हलवली. मग मुलांची उघडली, आणि तीही मधे मधे गुलाबी. मुलींपेक्षा जास्त नसेल, पण कमीही नव्हती. नाना चष्मा वर-खाली करत बघत राहिले. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तो त्यांचा सख्खा भाचा. त्याचं कार्ड नानांनी स्वतः भरलं होतं, साध्या पांढऱ्या कागदावर. त्याच्या आईनं, म्हणजे नानांच्या बहिणीनंच, माधुरीला फोनवर सरळ सांगितलं होतं.

नाना म्हणाले, "याचं काय एवढं, बाई. ते लगेचच मोडलं होतं."

आणि माधुरी बोलली. आवाज चढवला नाही, खुर्चीत वळलीसुद्धा नाही. पडद्याकडे बघूनच म्हणाली, "माझंही लगेचच मोडलं होतं, नाना."

नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग मुलींच्या यादीकडे. मी यादी वर सरकवली, तिची ओळ दाखवली. लपवण्यासारखं आता काय होतं? नानांनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं उठून जातात.

"हा रंग काढता येतो का, बाई?"

म्हटलं, घातला तसा काढता येतो.

"मग काढा. दोन्हीकडचा काढा." आणि माधुरीला म्हणाले, "पोरी, आणि ते घर? ते रिकामं ठेवू?"

ती आता वळली. म्हणाली, "रिकामं नको नाना. मला लपवायचं नाही. फक्त माझं मला लिहू द्या."

आता ऐक, तो आठवडा कुठे गेला ते. त्या घरात तेव्हा तीनच शब्दांची निवड होती. बाण दाबायचा, तीन शब्दांची यादी खाली पडायची, एक उचलायचा. अविवाहित, विधवा, घटस्फोटित. माणसाचं माणसाला लिहायचं तर तीन शब्द कसे पुरणार? आणि घर तर एवढंसं, करंगळीच्या नखाएवढं. म्हणून मी लिहून घेणारा बदलला. घरावर दोनदा टिचकी मारली की त्याच जागी वहीच्या पानाएवढा चौकोन उलगडतो, हवं तेवढं लिहा, एंटर दाबलं की मिटतो. मग दाखवणाराही बदलला. तो पहिले काही शब्द दाखवतो, पुढे तीन टिंबं. ऐकायला सोपं वाटतं. पण तो चौकोन कधी भलत्याच ओळीवर उघडायचा, कधी मिटायचाच नाही. मराठी अक्षरांच्या जागी रिकाम्या डब्या यायच्या, मग प्रत्येक घराला वेगळं सांगावं लागलं की बाबा, मराठी फॉन्ट वापर. मला रागानं रडू यायचं. हे म्हणायचे, सोड ना, तीन शब्द काय वाईट आहेत. मी म्हणायची, तुम्ही लिहून बघा स्वतःबद्दल तीनांतला एक.

झालं तेव्हा पहिली टिचकी माधुरीनं मारली. चौकोन उलगडला. तिनं लिहिलं, थांबली, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग बोट एंटरवर नेऊन तशीच बसली. मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं, अजून घरात जुनंच आहे. एस्केप दाबलं तर कुणाला काही कळणार नाही. मी चहा टाकायला म्हणून आत गेले. परत आले तर चौकोन मिटलेला होता आणि ती पुढच्या मुलीची जन्मतारीख भरत होती.

मेळाव्याला कॉम्प्युटर मंचावर नेला, टेबलावर. नाना पडद्यावरून वाचू लागले, सगळी नावं एकाच क्रमात, आडनावाप्रमाणे. जेवणाआधी माधुरीचं नाव आलं. कार्यालय भरलेलं होतं, पोरं पळत होती, मागे आचाऱ्यांचा गलका. नानांनी शिक्षण वाचलं, उंची वाचली, मग त्या घरावर टिचकी मारली आणि हेडमास्तर धडा वाचतात तसं स्वच्छ वाचलं. "लग्न झालं होतं. पटलं नाही म्हणून मी परत आले. पुन्हा करायचं आहे. घाई नाही." आणि पुढचं नाव घेतलं. कुणी कुजबुजलं असेल, मी बघितलं नाही. मी तुझ्या आईकडे बघत होते. ती पाणी पीत होती.

त्या दिवशी कुणाची बस चुकली नाही आणि कुणाचं नाव सतरंज्यांना वाचून दाखवावं लागलं नाही.

जेवणाच्या रांगेत एक उंच मुलगा तिच्या मागे येऊन उभा राहिला. वांग्याची भाजी घेताना ती वाढप्याला पुरे म्हणाली, तसा म्हणाला, फोनवर तुम्हीच होतात ना, आवाज ओळखला. ती हो म्हणाली. मग म्हणाला, तुमचं ऐकलं, घाई नाही ते. मलाही नाही. दोघांनी खरंच घाई केली नाही बरं का. पुढचा मेळावा येऊन गेला तरी हे आपले भेटतायत, बोलतायत. तुझी आजी मला फोन करून विचारायची, "बाई, यास्नं कधी ठरी?"

ठरलं तेव्हा नाना स्वतः आमच्याकडे आले. खिशात बायकोचा कुंकवाचा करंडा. म्हणाले, माधुरीची ओळ लावा. मी लावली. नानांनी बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि सरळ पडद्याच्या काचेवर, तिच्या नावापुढे ओढलं. मग म्हणाले, आता मुलाची. मी मुलांच्या यादीवर गेले, आणि कुंकू तिथेच काचेवर. आता ते भलत्याच नावावर. नाना घाबरले. "अहो बाई, हे तर यावलच्या पाटलांच्या पोराला लागलं. त्याचं अजून कुठेच नाही." मी आणि माधुरी पोट धरून हसलो, नानाही हसले, पण त्यांना ते मनाला लागलं होतं. बोट ज्याचं त्याच्यापाशी राहायला हवं, यादी कशीही सरकली तरी.

मग पुन्हा शिक्का. लग्न ठरलेल्या घरावर दाखवणाऱ्यानं एक लाल खूण काढायची. मी गोल काढला तर नाना म्हणाले, ही टिकली झाली, बोट नाही. मग जरा लांबट, वर टोकदार, किंचित तिरका केला, नानांच्या हाताला जसा यायचा तसा. त्यानंतर मंडळाची किती लग्नं झाली, प्रत्येक नावापुढे ते तिरकं बोट. हे सगळं सांगायचं कारण, तुझी ती एक ओळ.

नाना गेले. मंडळाचं आता सगळं फोनवर चालतं, फोटो येतात, बोटानं सरकवतात. तिथे कोण कुणाला काय विचारतं, मला माहीत नाही. माझ्या तक्त्यांना आता गिऱ्हाईक नाही, आणि असलं तरी डोळे साथ देत नाहीत. फैजपूरच्या आबांचा मुलगा परवा भेटला, म्हणाला, हल्ली ॲप आहे, पण पिवळं कशाला म्हणतात हे त्या ॲपवाल्यांना अजून सांगतोय.

तो जुना कॉम्प्युटर मात्र मी मोडीत दिला नाही. मागच्या खोलीत आहे, जाडजूड मॉनिटरसकट, वर माझी जुनी साडी. सुरू व्हायला वेळ घेतो, पण होतो. आणि काच मी पुसलेली नाही. नानांचं ते पहिलं, खरं बोट अजून आहे, फिकं विटकरी झालंय. यादी उघडली की ते कुणाच्या तरी नावावर पडतं. मी मग खालचा बाण दाबत दाबत तुझ्या आईची ओळ त्याच्याखाली आणते. हल्ली मला ते नीट जमत नाही, एक ओळ पुढे तरी जाते नाहीतर मागे राहते.

तेवढं काम तुझ्यासाठी ठेवलंय. दिवाळीच्या सुट्टीला सरळ इथेच उतर, आधी धरणगाव नको आणि दोंडाईचाही नको. आईबाबांनाही घेऊन ये. शेवभाजी करते. ये बाई लवकर, ते बोट आणखी फिकं व्हायच्या आत.